रामपत्रीची जंगली झाडं गोव्यात कुठे सापडतात? कुळागरात लावून ती वाचतील का?

तुम्ही फोंड्याकडच्या कुळागराबद्दल, म्हणजे पोफळी-मसाल्याच्या बागेबद्दल विचारलंय, पण आधी ही जंगली जायफळाच्या कुळातली झाडं मुळात कुठे राहतात ते बघू. सत्तरीत बांबर गावी निरंकाराची राय, म्हणजे देवराई आहे. देवाची राय म्हणून तिथे कोणी कोयता चालवत नाही, आणि म्हणूनच जंगली जायफळाच्या कुळातल्या झाडांची गोड्या पाण्यातली दलदल तिथे टिकली. आपल्या खाजणातल्या खारफुटीसारखीच इथेही मुळं श्वास घ्यायला चिखलातून वर येतात. काही मुळं गुडघ्यासारखी वाकून पुन्हा मातीत शिरतात, तर काही खोडापासून खाली उतरून झाडाला तोलून धरतात.

अशा दलदलींची शास्त्रीय नोंद 1960 मध्ये कृष्णमूर्ती यांनी त्रावणकोरच्या जंगलातून केली. केरळात कोल्लमकडे त्या सर्वाधिक आहेत, मग उत्तर कन्नडात सिद्दापूर-कुमठा भागात, पुढे गोव्यात, आणि आपली हद्द ओलांडली की महाराष्ट्रात दोडामार्गातल्या हेवाळे-बांबर्ड्यात. मधे मोठमोठी अंतरं कोरडी. कारण या झाडांना साधारण 300 मीटरच्या खालची, दोन टेकड्यांमधली सपाट जागा लागते आणि तिथून हळू वाहणारा, उन्हाळ्यातही न आटणारा व्हाळ, म्हणजे ओढा लागतो. आता अशी जागा बघून माणूस काय करणार? भात लावणार नाहीतर माड-पोफळी. आपली कितीतरी कुळागरं अशाच दऱ्यांत उभी आहेत, हे मला फार लागतं.

दुसरी अडचण बियांची. बी मोठं, जड, आणि सुकलं की मेलं. बीवरच्या लाल जायपत्रीच्या मोहाने धनेश पक्षी ते गिळतो आणि दूर टाकतो. धनेश गेला की झाड आपल्याच पायाशी अडकून पडतं. त्यात रामपत्रीची ही पत्री मसाल्यात, खऱ्या जायपत्रीत भेसळीलाही खपते, म्हणून फळं पिकायच्या आधीच ओरबाडली जातात. खाली पडायला बी उरतच नाही.

या कुळातली सगळी झाडं सारखी हट्टी नाहीत. रामपत्री, म्हणजे मिरिस्टिका मलबारिका, दलदलीबाहेरच्या सदाहरित जंगलातही वाढते. ती धोक्यातल्या प्रजातींच्या जागतिक यादीत 'असुरक्षित' आहे. मिरिस्टिका मॅग्निफिका मात्र पाणथळ सोडून जगत नाही आणि ती 'संकटग्रस्त' आहे. तेव्हा तुमच्या कुळागरात रामपत्री जरूर लावा, पाटाच्या कडेला, सावलीत. बी ताजंच पेरा, वाळवून ठेवू नका. नर आणि मादी झाडं वेगळी असतात, म्हणून चार-पाच तरी रोपं हवीत. पण तिने रायेची भरपाई होईल असं समजू नका. राय व्हाळावर जगते. वरच्या अंगाला पंप बसला किंवा रस्त्यासाठी भराव पडून पाणी वळलं, तर एकही झाड न तोडता ती सुकेल. तुमच्या गावातल्या व्हाळावर असं काही येऊ घातलं असेल, तर रोपं नंतर लावा, आधी ग्रामसभेत उभे राहून विचारा की पाणी कुठे वळवताय.