पाचव्या लेव्हलच्या विझर्डने कोणत्या जादुई वस्तू निवडाव्यात?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: डन्जन्स अँड ड्रॅगन्स या फासे टाकून खेळायच्या कथाखेळाची पाचवी आवृत्ती, विझर्ड (जादूगार पात्र) नुकताच पाचव्या लेव्हलला पोचलाय, इंटेलिजन्स १८, कॉन्स्टिट्यूशन १४. मोहीम फत्ते झाल्याबद्दल डीएमने (डन्जन मास्टर, म्हणजे खेळ चालवणारा) एक अनकॉमन आणि एक त्याहून दुर्मीळ, म्हणजे रेअर, वस्तू मागून घ्यायला सांगितलंय. टेबलावरचे बाकीचे म्हणतायत, वाँड ऑफ द वॉर मेज आणि वाँड ऑफ फायरबॉल्स घे नि मोकळा हो. तर घ्यावं का?

आम्ही गोव्यात म्हार्दोळला खेळतो आणि माझ्याकडे बहुतेक वेळा विझर्डच असतो, म्हणून हा विषय माझ्या जिव्हाळ्याचा. पहिली वस्तू अजिबात घेऊ नका. दुसरी चांगली आहे, पण तुमच्या जागी मी असते तर ब्रूम ऑफ फ्लाइंग आणि रिंग ऑफ स्पेल स्टोअरिंग मागितली असती. आणि ती अंगठी स्वतःच्या बोटात न घालता फायटरला (लढवय्या पात्राला) दिली असती. खाली जे लिहितेय ते २०१४ च्या नियमांना धरून आहे. तुमचं टेबल २०२४ च्या पुस्तकांवर चालत असेल तर प्रत्येक वस्तूचं वर्णन एकदा त्यात पडताळून घ्या.

आधी वॉर मेजची कांडी. ती स्पेल अटॅकला, म्हणजे मंत्राचा नेम साधायच्या फाशाला, +१ देते आणि अर्ध्या आडोशामागच्या शत्रूला मिळणारा फायदा काढून टाकते. आता तुमची स्पेलची यादी उघडून बघा. फायरबॉल, वेब, हिप्नॉटिक पॅटर्न, स्लो, या सगळ्यांत शत्रू सेव्ह करतो, म्हणजे बचावाचा फासा टाकतो, तुम्ही अटॅकचा फासा टाकतच नाही. ही कांडी सेव्हच्या डीसीला (बचावासाठी गाठायच्या आकड्याला) हातही लावत नाही. म्हणजे तिचा उपयोग फायर बोल्ट आणि स्कॉर्चिंग रे एवढ्यापुरता. दर टर्नला एल्ड्रिच ब्लास्ट मारणाऱ्या वॉरलॉकच्या हातात ती शोभते.

आकडाच वाढवायचा असेल तर २०२० सालच्या ‘ताशाज कॉल्ड्रन ऑफ एव्हरीथिंग’ या पुस्तकातलं आर्केन ग्रिमॉर मागा. तेही +१ चं असेल तर अनकॉमनच, पण ते अटॅक आणि डीसी दोन्ही वाढवतं. तुमचा डीसी आज ८ अधिक ३ (प्रॉफिशियन्सी, म्हणजे लेव्हलनुसार वाढणारा बोनस) अधिक ४ (इंटेलिजन्सचा बोनस), म्हणजे १५. सेव्हला +२ असलेला शत्रू त्यापुढे ६० टक्के वेळा फसतो, ग्रिमॉर हातात असेल तर ६५ टक्के. वाईट नाही, पण जे तुम्हाला आधीच चांगलं जमतंय तेच किंचित अधिक चांगलं होतं, एवढंच. हेडबँड ऑफ इंटेलेक्टचा मोह कुणी घालत असेल तर त्याकडे बघूही नका. ती पट्टी इंटेलिजन्स १९ करते, आणि १८ ला जो +४ मिळतो तोच १९ लाही मिळतो.

विझर्डला खरी चणचण असते ती कॉन्सन्ट्रेशनची, म्हणजे टाकलेलं स्पेल चालू ठेवायला लागणाऱ्या एकाग्रतेची. लढाई फिरवणारी बहुतेक स्पेल कॉन्सन्ट्रेशनवर चालतात, आणि एका वेळी एकच धरता येतं. वर मार बसला की कॉन्स्टिट्यूशन सेव्ह: डीसी १० किंवा निम्मं नुकसान, जे जास्त असेल ते. विझर्डला या सेव्हची प्रॉफिशियन्सी नसते. तुमचा बोनस +२, म्हणजे फाशावर किमान ८ पडायला हवेत. एक फटका बसला तर ६५ टक्के वेळा निभावतं. पण एका फेरीत तीन बाण लागले तर स्पेल टिकण्याची शक्यता जेमतेम २७ टक्क्यांवर येते. म्हणून कुठलीही वस्तू हातात घेतली की मी पहिल्यांदा एवढंच बघते, की हिच्यामुळे माझं कॉन्सन्ट्रेशन मोकळं राहतंय का, किंवा टिकतंय का.

ब्रूम ऑफ फ्लाइंग इथे बसतो. उडण्यासाठी फ्लाय स्पेल टाकलं तर तिसऱ्या लेव्हलचा एक स्लॉट (स्पेल टाकायच्या मोजक्या संधींपैकी एक) जातो, आणि पाचव्या लेव्हलला तसे दोनच मिळतात. वर कॉन्सन्ट्रेशनही तिथेच अडकतं, दहा मिनिटं उडा आणि दुसरं काही धरू नका. झाडूला स्लॉट लागत नाही, कॉन्सन्ट्रेशन लागत नाही, अट्यूनमेंटही (वस्तूशी स्वतःला जुळवून घेणं) लागत नाही, आणि वेग ५० फूट. तलवार-कुऱ्हाडवाले खालूनच बघत बसतात. धनुष्यवाले मात्र तुम्हालाच नेम धरणार, आणि वर बेशुद्ध पडलात तर दर १० फुटांना १डी६ (सहा बाजूंचा एक फासा) चा मार. गटातल्या कुणाकडे तरी फेदर फॉल तयार असू द्या. काही डीएमना इतक्या लवकर उडणारा खेळाडू नको असतो, तेव्हा आधी मोकळेपणी विचारा. नाही म्हणाले तर क्लोक ऑफ प्रोटेक्शन घ्या. एसीला (तुम्हाला फटका लागायला शत्रूने गाठायचा आकडा) +१, सगळ्या सेव्हना +१, आणि त्यात कॉन्सन्ट्रेशनची सेव्हही आली.

आता अंगठी. हिच्याबद्दल मला सविस्तर लिहायचंय, कारण बहुतेक विझर्ड ती जादा स्लॉटची डबी समजून स्वतःकडेच ठेवतात. अंगठीत एकूण पाच लेव्हलची स्पेल मावतात, म्हणजे तिसऱ्याचं एक आणि दुसऱ्याचं एक, किंवा पहिल्या लेव्हलची पाच. स्पेल भरायला अंगठीला हात लावून ते टाकायचं. भरणाऱ्याचं तिच्याशी अट्यूनमेंट असण्याची गरज नाही, अट्यूनमेंट घालणाऱ्याचं. वापरताना स्पेलची लेव्हल, डीसी आणि अटॅक बोनस मूळ भरणाऱ्याचे धरतात, त्यामुळे फायटरचा इंटेलिजन्स ८ असला तरी काही बिघडत नाही. बाकी सगळं मात्र अंगठी घालणाऱ्यानेच स्पेल टाकलं असं मानतात. म्हणजे कॉन्सन्ट्रेशनही त्याचंच.

याचा अर्थ टेबलावर कसा दिसतो ते सांगते. गेल्या चवथीच्या सुट्टीत आमचा सगळा गट गावी होता. आदल्या मुक्कामाला झोपण्याआधी माझा तिसऱ्या लेव्हलचा एक स्लॉट उरला होता. तो सकाळी तसाही भरून मिळणार होता, म्हणून मी हेस्ट (चपळाई आणि जादा ॲक्शन देणारं स्पेल) टाकून अंगठीत ठेवलं. अंगठी माझ्या मावसभावाच्या फायटरकडे. दुसऱ्या दिवशी गुहेच्या तोंडाशी दोन ओगर आणि गॉब्लिनांचा घोळका. फायटरने अंगठीतून स्वतःवर हेस्ट टाकलं आणि हेस्टच्या जादा ॲक्शनमध्ये त्याच टर्नला एक वारही केला. माझ्या टर्नला मी घोळक्यावर हिप्नॉटिक पॅटर्न टाकलं. एकाच विझर्डच्या स्लॉटमधली तिसऱ्या लेव्हलची दोन स्पेल, दोन्ही कॉन्सन्ट्रेशनची, एकाच फेरीत चालू. मग पॅटर्नमधून सुटलेल्या ओगरचा सोटा फायटरवर बसला, १३ चा मार, डीसी १०. भावाने स्टीलच्या ताटात फासा टाकला, तो ताटाच्या कडेला आपटून फिरत राहिला आणि ५ वर थांबला. माझ्या हातून हेस्ट तिथेच गेलं असतं. पण फायटरला कॉन्स्टिट्यूशन सेव्हची प्रॉफिशियन्सी असते. त्याचा बोनस +६, बेरीज ११, हेस्ट टिकलं. तसा एक फटका तो ८५ टक्के वेळा पचवतो. पुढल्या मोहिमेला त्याने स्वतःहून अंगठीत पाच शील्ड भरून मागितली, आणि तीही फार कामाला आली.

वाँड ऑफ फायरबॉल्सवर अन्याय करायचा नाही. सात चार्ज, एका चार्जला एक फायरबॉल, सरासरी २८ चा मार. कॉन्सन्ट्रेशन नको, आणि वस्तूतून टाकलेल्या स्पेलला शब्द-हावभाव लागत नाहीत, त्यामुळे सायलेन्सच्या वर्तुळातूनही ती चालते. तुमच्या दोन स्लॉटच्या जोडीला आणखी सात फायरबॉल ही मोठी गोष्ट आहे, जरी रोज पहाटे १डी६ अधिक १ एवढेच चार्ज परत भरतात. पण तिचा डीसी कायमचा १५. आज तो तुमच्याइतकाच आहे, नवव्या लेव्हलला इंटेलिजन्स २० झाला की तुमचा १७ होईल आणि कांडी तिथेच राहील.

त्याहून महत्त्वाचं म्हणजे तुमचा गट खेळतो कसा. डीएमच्या पुस्तकात एका दिवसात सहा ते आठ मध्यम किंवा कठीण लढाया गृहीत धरल्यात. गोव्यातल्या किती टेबलांवर असं होतं? आमच्यातले निम्मे पुण्या-बंगळुरात नोकरीला. चवथ, शिगमो, डिसेंबर अशा वेळी सगळे जमतात. जमले की डीएम एका बैठकीत एक मोठी लढाई बसवतो आणि मग लाँग रेस्ट, म्हणजे स्लॉट परत भरून देणारी रात्रीची विश्रांती. अशा खेळात स्लॉट संपतच नाहीत, संपतात टर्न. चार फेऱ्यांची लढाई म्हणजे तुमच्या चार ॲक्शन, मग खिशात सात फायरबॉल असोत की सत्तर. तिथे एका वेळी किती चांगली स्पेल चालू ठेवता येतात त्यावर सगळं ठरतं. तुमच्याकडे दोन लाँग रेस्टच्या मध्ये चार-पाच लढाया होत असतील तर माझा सल्ला बदलतो: झाडूऐवजी पर्ल ऑफ पॉवर, जो तिसऱ्या लेव्हलपर्यंतचा एक स्लॉट रोज परत देतो, आणि अंगठीऐवजी फायरबॉलची कांडी.

अट्यूनमेंटचाही हिशेब धरा. एका पात्राला तीनच वस्तूंशी ते करता येतं. झाडूला लागत नाही, अंगठीचं फायटरच्या खात्यात जातं, म्हणजे तुमच्या तिन्ही जागा पुढे मिळणाऱ्या वस्तूंसाठी रिकाम्या राहतात. पर्ल आणि कांडी घेतलीत तर दोन आजच भरल्या.

तुमच्या गटात कोण कोण आहे ते प्रश्नात आलेलं नाही. फायटर असेल तर काही विचारायलाच नको. बार्बेरियनला मात्र अंगठी देऊ नका, रेजमध्ये (लढाईतल्या बेभान रागात) असताना त्याला स्पेलही टाकता येत नाही आणि कॉन्सन्ट्रेशनही धरता येत नाही. पॅलाडिन सहाव्या लेव्हलला पोचला की त्याच्या ऑरामुळे सेव्ह सुधारतात, तिथवर थांबायची तयारी असेल तर तोही चालेल. गटात रोग आणि बार्बेरियन एवढेच असतील तर रेअरमध्ये अंगठी सोडून अम्युलेट ऑफ हेल्थ मागा. कॉन्स्टिट्यूशन १९, म्हणजे पाचव्या लेव्हलला १० हिट पॉइंट जास्त, आणि ते तीन बाण लागल्यावर स्पेल टिकण्याची शक्यता २७ वरून ४२ टक्के.