जर्मनीतल्या जुन्या गावातल्या ऐतिहासिक इमारतीत बिअर प्यायला मुद्दाम वाकडी वाट करून जावं का? अनुभव कसा असतो?

जावं. तुम्ही लिहिलंय की कामासाठी न्यूरेंबर्गला तीन दिवस आहात, पुण्यातल्या मायक्रोब्रुअऱ्या पालथ्या घालून झाल्यात आणि आता 'जुन्या इमारतीतला क्राफ्ट बिअर बार' बघायचाय. माझं ऐका, न्यूरेंबर्गात शोधत बसू नका. तिथलं जुनं शहर 1945 च्या बॉम्बहल्ल्यात बहुतेक जमीनदोस्त झालं, आज दिसतं त्यातलं बरंचसं नंतर उभारलेलं आहे. लोकल गाडीने तासाभराच्या आत बाम्बर्ग येतं. ते युद्धात बऱ्यापैकी वाचलं, आणि 1993 पासून त्याचं जुनं शहर जागतिक वारसा यादीत आहे. स्टेशनवरून वीसेक मिनिटं चालायचं, नदीच्या मधोमध बसवलेलं जुनं टाऊन हॉल ओलांडायचं, आणि कॅथेड्रलच्या टेकडीच्या पायथ्याशी 'श्लेंकर्ला' या जुन्या बिअरघराचं दार शोधायचं. क्राफ्टबिफ्ट तिथे कुणी म्हणत नाही. या घराची पहिली नोंदच 1405 ची आहे.

मी न्यूरेंबर्ग आणि बाम्बर्गच्या मधल्या एर्लांगेनला राहतो, त्यामुळे पाहुणे आले की बाम्बर्ग ठरलेलं. पण सांगण्यासारखी फेरी एकच, आई-बाबा साताऱ्याहून आले होते तेव्हाची. बाबा घेतात हे मला माहीत, मी घेतो हे त्यांना माहीत, पण समोरासमोर कधी झालं नव्हतं. आमच्या घरात तो विषयच नाही. आईच म्हणाली, "एवढं लांब आलोय तर बसा दोघं. मला काहीतरी सरबत सांग."

आत शिरलं की ठेंगणं लाकडी छत दिसतं, काळंभोर. जुन्या वाड्याच्या माजघरात आल्यासारखं वाटतं. शेजारचा दगडी कमानींचा भाग पूर्वी डॉमिनिकन मठाचा होता. आम्ही कोपऱ्यातलं रिकामं टेबल पाहून बसलो. पाच मिनिटांत एक आजोबा येऊन शेजारी उभे राहिले. बोलेनात, हलेनात. मग माझं लक्ष टेबलावरच्या छोट्या पाटीकडे गेलं: श्टामटिश. म्हणजे नेहमीच्या मंडळींची राखीव जागा. पारावरच्या म्हाताऱ्यांच्या कट्ट्यावर परगावच्या माणसाने ऐसपैस बसावं, तसं झालं. उठलो, माफी मागितली, आणि त्याच आजोबांनी पलीकडच्या लांब बाकावर लोकांना सरकायला सांगून आम्हाला जागा करून दिली. तेव्हा पाटी बघून बसा. अर्ध्या भरलेल्या टेबलावर मात्र खुशाल विचारा, "इस्ट हिअर नोख फ्राय?", म्हणजे इथे जागा आहे का? अनोळखी माणसांसोबत एकाच टेबलावर बसणं तिथे अगदी नेहमीचं.

बिअर आली. लाकडी पिंपातून थेट अर्ध्या लिटरच्या ग्लासात, गडद तपकिरी, वर जाड फेस. बाबांनी ग्लास उचलला, नाकाशी नेला आणि खाली ठेवला. मग म्हणाले, "अरे, हा तर बंबाच्या पाण्याचा वास!"

मी दोन वर्षं लोकांना या बिअरची चव समजावत होतो, स्मोक्ड चीज म्हण, भाजलेल्या वांग्याचं भरीत म्हण. बाबांनी एका वाक्यात संपवलं. तांब्याचा बंब, खाली लाकडं, पहाटेचं धुरकट गरम पाणी. परतीच्या गाडीत त्यांनी गावाचं नावही बदलून टाकलं: बंबगाव.

हा धूर वरून घातलेला नसतो. बार्ली भिजवून मोड आणायचे आणि मग वाळवायची, याला माल्ट म्हणतात. पूर्वी हे वाळवणं बहुतेक थेट जाळावरच व्हायचं, त्यामुळे बऱ्याच ठिकाणच्या बिअरला कमीजास्त धूर लागायचा. पुढे धूर बाजूला ठेवून नुसती गरम हवा देणाऱ्या भट्ट्या आल्या आणि बहुतेक जगाने धूर सोडला. बाम्बर्गातल्या दोन ब्रुअऱ्यांनी सोडला नाही: श्लेंकर्ला आणि 'श्पेत्सिआल'. दोघं अजून आपलं माल्ट स्वतः, बीचच्या लाकडांवर वाळवतात. श्लेंकर्लाची बिअर आता या घरात बनत नाही, वर श्टेफान्सबेर्गवर बनते, जिथे खडकात खोदलेली तळघरं आहेत. म्हणून मला हे ठिकाण आवडतं. जुन्या वाड्यात नवा बार थाटलेले पुष्कळ पाहिलेत, तिथे भिंती जुन्या आणि बाकी सगळं कालचं. इथे ग्लासातला मालही जुन्याच रीतीचा.

आता कामाचं. पहिल्या चार घोटांवरून मत बनवू नका. पहिला ग्लास बहुतेकांना विचित्र लागतो, दुसऱ्याच्या मध्यावर जीभ धुराला सरावते आणि मग खालची माल्टची गोडी कळायला लागते. अल्कोहोल 5.1 टक्के आहे, तेव्हा रिकाम्या पोटी जाऊ नका. सहा छोटे ग्लास मांडून चव घेण्याचा पुण्यातला प्रकार इथे विसरा. अर्ध्या लिटरला या भागात 'झायडला' म्हणतात, तसं मागितलंत तर वाढणारा जरा हसतो. ग्लासाखालच्या पुठ्ठ्याच्या गोल चकतीवर तो पेन्सिलीने रेघा मारतो, तोच हिशेब. चकती फाडू नका, खिशात घालू नका. रोख युरो ठेवा.

खाणं डुकराच्या मांसाभोवती फिरतं. खिमा भरलेला बाम्बर्गी कांदा प्रसिद्ध आहे, पण भरल्या कांद्याच्या आशेने शाकाहारी माणसाने मागवू नये. ब्रेड, चीज आणि जे काही बिनमांसाचं असेल ते विचारून घ्या. आईने सफरचंदाच्या रसात सोडा घातलेलं आप्फेलशोर्ले घेतलं आणि पिशवीतून दशम्या काढल्या. मी डोळे वटारले. ती म्हणाली, "त्यांच्या ब्रेडला आपण काही बोललो का?"

श्पेत्सिआललाही जमलं तर जा, नदीच्या स्टेशनकडच्या बाजूला आहे. त्यांचा धूर सौम्य, आणि गर्दी मला तरी कमी वाटली. धुराची धास्ती वाटत असेल तर आधी तिथे बसा. शनिवारी संध्याकाळी श्लेंकर्लासमोर लोक ग्लास घेऊन गल्लीत उभे असतात, आत जागा मिळणं कठीण, म्हणून आठवड्यातल्या एखाद्या दिवशी दुपारी तीन-चारला पोचा. ऑक्टोबरनंतर येणार असाल तर श्लेंकर्लाचा ऊरबॉक, म्हणजे जास्त कडक बिअर मिळेल, 6.5 टक्क्यांची. ती मात्र एकच घ्या. बाबांनी साध्या बिअरचा दुसरा झायडला स्वतः बोट वर करून मागवला होता, माझ्याकडे न बघता, आणि त्यांच्या चकतीवर दोन रेघा झाल्यावर माझी चकती सरकवून मोजून घेतली. माझ्या तीन होत्या. सातारा येईपर्यंत तो विषय त्यांनी काढला नाही.