‘बस’ची नोंद लिहिताना

शब्दकोशासाठी ‘बस’ची नोंद आपण लिहिणार आहात, म्हणून अनुभवातून सुचवतो की या एका रूपात तीन स्वतंत्र शब्द आहेत, त्यांना एकाच नोंदीत कोंबू नका.

वाहनवाचक ‘बस’ इंग्रजीतून आली. तिचे मूळ ‘ऑम्निबस’, म्हणजे लॅटिनमध्ये ‘सर्वांसाठी’. मराठीत ती स्त्रीलिंगी असून अनेकवचनी ‘बसेस’ आणि ‘बसगाड्या’ दोन्ही रूढ आहेत. मला दुसरे रूप अधिक मराठी वाटते. १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर राज्य परिवहनाची पहिली बस धावली आणि पुढे खेडोपाडी ‘एसटी’ हाच शब्द घरचा झाला, याचाही उल्लेख करावा.

‘पुरे’ या अर्थाचा ‘बस’ फारसीतला आहे. पंगतीत वाढणाऱ्याला थांबवताना आपण ‘बास’ किंवा जोर देऊन ‘बस्स’ म्हणतो, म्हणून हे उच्चारभेद नोंदवा.

सर्वाधिक वेळ मात्र ‘बसणे’च्या आज्ञार्थाला द्या. धाकट्याला ‘बस’, वडीलधाऱ्यांना ‘बसा’ हे सांगून थांबू नका, कारण घसा बसतो, धक्का बसतो, विश्वास बसतो, सदरा अंगात नीट बसतो आणि ‘वाट पाहत बसलो’ यात तर बसण्याची क्रिया उरतच नाही, केवळ ताटकळण्याचा कालावधी उरतो. प्रत्येक अर्थाला बोलण्यातले एक पूर्ण वाक्य जोडा. ‘बसमध्ये खिडकीजवळ बस’ हे वाक्य दोन शब्दांतला भेद व्याख्येपेक्षा लवकर दाखवते.