गाणं नको, गाण्याचा इतिहास हवा!

प्रश्न : मुलगी सात वर्षं शास्त्रीय गाणं शिकतेय. आता बारावीनंतर म्हणते, मंचावर गायचं नाही, संगीताचा इतिहास अभ्यासायचाय. यात पोट भरेल का? आणि शिकलेलं गाणं वायाच जाणार का?

उत्तर : ताई, गाण्याबद्दल आधी सांगते. वाया तर जाणार नाहीच, उलट तिचा रियाज थांबू देऊ नका. समजा, तिच्यासमोर १९०२ साली कोलकात्यात ध्वनिमुद्रित झालेली गायिका गौहर जान यांची तबकडी आली. सगळं गाणं जेमतेम तीन मिनिटांचं. शेवटी बाई इंग्रजीत स्वतःचं नाव का सांगतात? तबकड्या परदेशात छापल्या जायच्या, तिथल्या माणसांना आवाज कुणाचा ते कळावं म्हणून. हे कागदपत्रांतून समजतं. पण तबकडीसाठी गाताना त्यांनी काय गाळलं असेल? ते ओळखायला ख्याल, म्हणजे रागाचा विस्तार करत गायचा प्रकार, स्वतःच्या गळ्यातून गेलेला असावा लागतो.

हा अभ्यास कसा असतो, ते पंडित भातखंड्यांकडे पाहा. ते पेशाने वकील. देशभर फिरून त्यांनी जुने ग्रंथ धुंडाळले, गायकांकडून बंदिशी मिळवून स्वरलिपीत उतरवल्या. रागांची विभागणी त्यांनी दहा थाटांत, म्हणजे दहा मूळ स्वरसमूहांत केली; तिच्यावर पुढच्या अभ्यासकांनी आक्षेप घेतले. तेही याच अभ्यासाचं काम, आणि मला ते फार मोलाचं वाटतं.

आता पोटाचं. पदवी, एम.ए., नेट (प्राध्यापकपदासाठीची राष्ट्रीय पात्रता परीक्षा), पीएच.डी. असा लांबचा रस्ता आहे. नेटमध्ये वरचे गुण मिळाले तर जेआरएफ ही संशोधकांसाठीची शिष्यवृत्ती संशोधनाच्या काळात मोठा आधार देते. तरी तिशीपर्यंत स्थिर पगार नसेल, अशी तयारी ठेवा. कायम प्राध्यापकपदं थोडी असतात, आणि गायन शिकवणाऱ्यालाच बहुधा इतिहासही शिकवावा लागतो. शिवाय ध्वनिसंग्रहालयं, संपादन, कार्यक्रमांचं संहितालेखन अशी कामं असतात, पण सुरुवातीला त्यांवर घर चालत नाही.

बी.ए.ला संगीताबरोबर इतिहास घेता आला तर उत्तम. एखादी भाषाही आत्तापासून धरायला हवी. देवगिरीच्या यादवांच्या आश्रयाने तेराव्या शतकात लिहिलेला शार्ङ्गदेवाचा 'संगीतरत्नाकर' संस्कृतात आहे, मुघलकाळातलं बरंच लेखन फारसीत.

प्रवेशाआधी एक करून पाहा. गुरूंकडून शिकलेली एखादी बंदिश तिला घेऊ दे. ती त्यांना कुणाकडून मिळाली, हे विचारून लिहून ठेवू दे. मग तीच बंदिश दुसऱ्या घराण्याच्या गायकाकडून ऐकून शब्द नि सूर कुठे बदलतात ते टिपू दे. दोन महिन्यांनीही ती वही तिच्या हातात दिसली, तर मला पुन्हा लिहा. पुढचं महाविद्यालय आपण मिळून ठरवू.