सुट्टीसाठी एक ओळंबा

चि. बाळ,

अनेक आशीर्वाद.

तुझा मेसेज परवा रात्री वाचला, काल सकाळी पुन्हा वाचला. शेवटचा पेपर देऊन घरी आलीस आणि विज्ञानाच्या वहीच्या मागच्या पानावर वर्षभर साठवलेल्या तेवीस प्रश्नांचा फोटो काढून पाठवलास. कृष्णविवरात पडलं तर काय होतं, काळ उलटा का जात नाही, डायनासोर नेमके कशानं मेले, झाडांना दुखतं का, औंढ्याला ते काय बांधतायत. आणि खाली एक ओळ : "सर, यातलं आधी काय वाचू?"

तुझे पप्पा माझ्या वर्गात होते तेव्हा अशी यादी मला कुणी दिली नव्हती. दिली असती तर मी तेव्हा काय केलं असतं, ते पुढे सांगतो. सांगणं भाग आहे.

एप्रिलपासून तुला लातूरला फाउंडेशनच्या बॅचला घालणार आहेत, असं तू लिहिलंस. जा. घरच्यांनी पोटाला चिमटा काढून फी भरली असेल, त्यांच्याशी भांडू नकोस. लातूर पॅटर्नमध्ये बसून मन लावून सराव करायची सवय लागते, ती कुठेही कामाला येते. पण दिवसातला एक तास स्वतःसाठी राख आणि त्या तासात तेवीस प्रश्न घेऊन बसू नकोस. एक घे. मोबाइलवर कृष्णविवराचा व्हिडिओ बघितला, तो संपायच्या आत खाली डायनासोरचा आला, त्यानंतर एलियनचा. तास गेला, डोकं भरल्यासारखं वाटलं आणि दुसऱ्या दिवशी मैत्रिणीला सांगायला बसलीस तर दोन वाक्यांपुढे गाडी जात नाही. हे तुझ्या बाबतीत झालंय, तूच लिहिलंयस. व्हिडिओ वाईट नसतात. पण बघणाऱ्याच्या हाताला काही लागत नाही.

म्हणून तुझ्या यादीतला औंढ्याचा प्रश्न मी तुझ्यासाठी निवडलाय. सुरुवात मात्र औंढ्यापासून करायची नाही. तुमच्या गल्लीत बांधकाम चालू असेल तर गवंड्याला मामा-काका म्हणून त्याचा ओळंबा एक दिवस मागून आण. तो नाही मिळाला तर दोऱ्याला दगड बांधला तरी चालेल.

पहिलं काम. ओळंबा हातात लोंबता धर आणि हात अगदी हळू डावीकडे-उजवीकडे ने. दगड हाताच्या मागे मागे येईल. आता हात झरझर हलव, जितका जलद हलवता येईल तितका. नीट बघ. हात थरथरतोय आणि खाली दगड जवळजवळ जागच्या जागी. दहा वेळा कर. दोरा आखूड करून कर, लांब करून कर. कोणत्या वेगाला दगड हाताचं ऐकायचं सोडतो, ते तुझं तू शोध. ही एक गोष्ट बोटांना कळली की पुढचं सगळं कळेल.

दुसरं काम. दाराच्या चौकटीला वर खिळा ठोकून ओळंबा टांग. खिळ्यापासून दगडाच्या मध्यापर्यंत बरोबर एक मीटर. थोडासाच बाजूला ओढून सोड, धक्का देऊ नकोस. एक जाऊन-येऊन म्हणजे एक आंदोलन. वीस आंदोलनांना किती सेकंद लागले, ते मोबाइलच्या स्टॉपवॉचवर मोज. चाळीसच्या आसपास येतील. एका आंदोलनाचा वेळ काढ, त्याचा वर्ग कर. चार गुणिले π (पाय) चा वर्ग गुणिले लांबी, भागिले हा वर्ग. जे येईल तो तुझ्या दारातला g, म्हणजे गुरुत्वत्वरण. दहावीच्या पुस्तकात पहिलाच धडा गुरुत्वाकर्षणाचा होता, त्यात ९.८ छापलेलं तू पाठ केलंस. आता तो आकडा तुझ्या घरात निघेल.

पहिल्यांदा कदाचित ९.५ येईल. खोडू नकोस. वीस आंदोलनं मोजताना बोट अर्धा सेकंद जरी चुकलं तरी उत्तर पाव एककानं हलतं. मग शंभर आंदोलनं मोज. बोट तेवढंच चुकेल, पण आता ती चूक शंभर आंदोलनांत वाटली जाईल आणि उत्तरातली चूक पाचव्या हिश्शावर येईल. आपल्या भागात खरा आकडा ९.७८ च्या जवळ असायला हवा, कारण आपण विषुववृत्ताच्या बऱ्यापैकी जवळ आहोत. ज्याँ रिशे नावाचा फ्रेंच माणूस १६७२ साली पॅरिसहून लंबकाचं घड्याळ घेऊन विषुववृत्ताजवळच्या केयेनला गेला, तर ते घड्याळ दिवसाला सुमारे अडीच मिनिटं मागे पडायला लागलं. घड्याळ बिघडलेलं नव्हतं. तिथे पृथ्वीची ओढच जरा कमी होती. पृथ्वी मध्यावर फुगीर आहे, या न्यूटनच्या म्हणण्याला त्या मागे पडणाऱ्या घड्याळाचा आधार मिळाला.

आमच्या शाळेत प्रॅक्टिकलला पोरं काय करायची, ते मला माहीत आहे. आधी ९.८ ठरवायची आणि उलट गणित करून रीडिंग भरायची. मी बघायचो, सही करायचो. अशा किती जर्नलवर माझी लाल सही आहे, याचं आज फार वाईट वाटतं. तू तसं करू नकोस.

ओळंबा सरळ खाली लोंबतो, यावर गवंड्याचा विश्वास असतो. एकोणिसाव्या शतकात भारताची मोजणी चालू होती तेव्हा उत्तरेतल्या कलियाना आणि मध्य भारतातल्या कल्याणपूर या दोन ठिकाणांमधलं अंतर दोन रीतींनी काढलं, एकदा जमीन मोजून आणि एकदा ओळंब्याच्या आधारानं तारे बघून, आणि दोन उत्तरांत सुमारे पाच विकलांचा फरक आला. एक विकला म्हणजे एका अंशाचा छत्तीसशेवा भाग. हिमालय ओळंब्याला स्वतःकडे ओढत असणार, असं म्हणून इंग्रज गणिती प्रॅट यांनी हिशेब केला, तर फरक पंधरा विकलांहून जास्त यायला हवा होता. म्हणजे एवढा मोठा हिमालय, पण ओढ हिशेबाच्या तिसऱ्या हिश्शाइतकीच. १८५५ साली इंग्रज खगोलशास्त्रज्ञ एअरी यांनी उत्तर सुचवलं : पर्वताला खाली मुळं असतात, आणि ती भोवतालच्या खडकापेक्षा हलकी असतात. मला हा प्रसंग फार आवडतो. पाच विकलांचा फरक 'चालतंय' म्हणून कुणी सोडून दिला असता, तर पर्वतांच्या मुळांचा पत्ता तेव्हा लागला नसता.

आता ते, जे सांगणं भाग आहे.

१९९२ च्या पावसाळ्यानंतर किल्लारीच्या बाजूला जमिनीतून गडगडल्यासारखे आवाज येत होते, मांडणीतली भांडी वाजत होती. मी तेव्हा औसा तालुक्यात, तिथून तीसेक किलोमीटरवर आठवीला शिकवत होतो. वर्गातला एक मुलगा मामाच्या गावाहून आला आणि म्हणाला, "सर, आमच्या मामाकडं जमीन गुरगुरते. भूकंप होईल का?" मी फळ्यावर दख्खनचं पठार काढलं आणि सांगितलं की हा भाग स्थिर आहे, इथे मोठा भूकंप होत नाही. मी खोटं बोललो नव्हतो. पुस्तकात तेच होतं आणि त्या वेळच्या भूकंप नकाशात तो भाग सगळ्यात कमी धोक्याच्या पहिल्या झोनमध्ये होता. पण मी ते ज्या ठामपणे सांगितलं, तो ठामपणा माझ्याकडे नसायला हवा होता.

३० सप्टेंबर १९९३, पहाटे चार वाजायला चार मिनिटं. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी, लोक विसर्जन करून येऊन झोपलेले. तीव्रता ६.२ च्या आसपास, म्हणजे जगाच्या हिशेबानं राक्षसी मोठा नाही. पण उगम उथळ आणि वर घरं मातीत रचलेल्या जाड दगडी भिंतींची, डोक्यावर मातीचं जड माळवद. उन्हाळ्यात थंडावा देणारं तेच छप्पर अंगावर आलं. हजारो माणसं गेली. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातली बावन्न गावं दुसरीकडे नव्यानं वसवावी लागली.

तो मुलगा दिवाळीनंतर वर्गात आला. मामाच्या घरातलं कुणी राहिलं नव्हतं. त्यानं मला काही म्हटलं नाही. पण त्यानंतर त्यानं मला एकही प्रश्न विचारला नाही, दहावी होऊन गेला तरी. तुझी तेवीस प्रश्नांची यादी मी दोनदा का वाचली, ते आता कळलं असेल.

नंतर मी ते सगळं शोधून वाचलं. भारताचा तुकडा वर्षाला काही सेंटिमीटर उत्तरेला सरकतोय, हिमालयाला रेटतोय. त्या रेट्याचा ताण पार इथपर्यंत पोचतो आणि जुन्या भेगांपाशी साठतो. आपल्याकडे त्या भेगांवर सहा-साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाची, काळ्या बसाल्टची घोंगडी पसरलेली आहे. खाली काय आहे, ते वरून दिसत नाही. पुढे २००२ च्या नकाशातून तो 'पहिला झोन'च काढून टाकला आणि किल्लारीचा भाग तिसऱ्यात गेला. विज्ञानानं आपला नकाशा खोडून नवा काढला. मला तेवढंच करायचं होतं : वर्गात उभं राहून 'मला नक्की माहीत नाही' म्हणायचं. ते वाक्य मी १९९३ नंतर शिकलो. तू ते सोळाव्या वर्षी शिक. कुणी काही ठासून सांगितलं, अगदी मी जरी सांगितलं, तरी विचार : हे कसं कळलं?

जमिनीचा हादरा मोजतात कशानं? तुझ्या हातातल्या दगडानं. भूकंपमापकाचा सांगाडा जमिनीबरोबर थरथरतो आणि आत टांगलेलं वजन तुझ्या दगडासारखं जागेवर राहतं. दोघांमधला फरक नोंदवला की हादऱ्याची नोंद झाली. आतली यंत्रणा आता इलेक्ट्रॉनिक झाली, तत्त्व तेच राहिलं.

आणि आता औंढा. नागनाथाच्या दर्शनाला तू गेली असशील. त्याच तालुक्यात लायगो-इंडिया, म्हणजे गुरुत्वीय लहरी पकडणारं यंत्र, उभं राहतंय. एप्रिल २०२३ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळानं त्याला सुमारे २६०० कोटी रुपये मंजूर केले. एकमेकींना काटकोनात चार-चार किलोमीटरच्या दोन नळ्या, आतली हवा काढून घेतलेली, त्यांतून लेसरचा किरण जाऊन आरशावर आपटून परत येतो. गुरुत्वीय लहर म्हणजे अवकाशालाच ताणत-आखडत जाणारी लाट; ती गेली की एक बाजू किंचित ताणते, दुसरी आखडते. किती? प्रोटॉनच्या व्यासाच्या शंभराव्या भागाहूनही कमी. आइनस्टाइननं १९१६ साली या लहरी कागदावर मांडल्या आणि अमेरिकेतल्या दोन लायगोंनी पहिली लहर १४ सप्टेंबर २०१५ ला पकडली. सुमारे १३० कोटी प्रकाशवर्षं दूर दोन कृष्णविवरं एकमेकांत मिसळली होती. तीन हजार किलोमीटरवरच्या दोन यंत्रांत ती सात सहस्रांश सेकंदाच्या अंतरानं आली. त्या फरकावरून दिशेचा अंदाज येतो, जसा डोळे मिटून दोन कानांनी आपल्याला हाकेचा येतो. यंत्रं जितकी दूर आणि जितकी जास्त, तितकी दिशा नेमकी. म्हणून औंढा.

आता तू विचारशील, जिथे ट्रक गेला तरी जमीन थरथरते, तिथे एवढं बारीक कसं मोजणार? आरसे टांगून. चाळीस किलोचा एकेक आरसा, एकाखाली एक अशा चार लंबकांच्या साखळीत, शेवटच्या टप्प्याला अर्ध्या मिलिमीटरहून बारीक काचेच्या धाग्यांवर लोंबतो. वरची चौकट झरझर हलली तरी खालचा आरसा शांत. तू सकाळी दारात जे बोटांनी केलंस, तेच. किल्लारीचा हादरा मोजणारं वजन आणि कृष्णविवरांची धडक ऐकणारा आरसा, दोन्ही एकाच ओळंब्याची भावंडं आहेत.

तू कदाचित याहून अवघड विचारशील : हिंगोली जिल्ह्यात २०२४ मध्ये भूकंपाचे धक्के बसले, वसमतकडे जमिनीतून आवाज येतात, मग तीच जागा का निवडली? विचार. रोजची बारीक थरथर आणि अधूनमधून येणारा धक्का या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि जागा निवडताना त्या रोजच्या थरथरीला फार वजन असतं, इथपर्यंत मी सांगू शकतो. पुढचं तू शोध.

या कामात आपली माणसं फार आधीपासून आहेत. धक्का बसलेलं कृष्णविवर घंटेसारखं घुमून शांत होतं, हे भौतिकशास्त्रज्ञ सी. व्ही. विश्वेश्वरा यांनी १९७० मध्ये गणितानं दाखवलं. पुण्याच्या आयुकात, म्हणजे तिथल्या खगोलशास्त्राच्या संशोधन संस्थेत, संजीव धुरंधर यांनी गोंगाटातून तो बारीक स्वर वेगळा काढायच्या पद्धतींवर उभी कारकीर्द घातली. आणि तिथे फक्त शास्त्रज्ञ लागतील असंही नाही. आठ किलोमीटर नळीत एकही गळती न राहू देणारा वेल्डर लागेल, निर्वातपंप सांभाळणारी डिप्लोमावाली मुलगी लागेल, प्रोग्राम लिहिणारे लागतील. ते यंत्र सुरू होईल तेव्हा तू कामाला लागायच्या वयाची असशील. नीटच्या रांगेत उभी राहिलीस तरी हे ध्यानात राहू दे.

बाकीचे बावीस प्रश्न आहेत त्या पानावरच राहू देत. पान फाडू नकोस.

दोरा शक्यतो कमी ताणणारा घे, पोतं शिवायचा सुतळीचा नको. खिळ्याला गाठ घट्ट मार, नाहीतर ती सरकते आणि लांबी बदलते. पंखा बंद कर. लहान भावाला आंदोलनं मोजायला बसव आणि तू फक्त घड्याळ बघ. शंभर आंदोलनांची पाच रीडिंग घेतलीस की वहीचं ते पान जसंच्या तसं पाठव, फसलेल्या रीडिंगांसकट. मीही इथे माझ्या दारात ओळंबा टांगून ठेवलाय. आपले आकडे ताडून बघू.

तुझ्या पप्पांचे सर