इन्सुलिन तयार करणाऱ्या पेशींना ग्लुकोज आत घेण्यासाठी इन्सुलिन लागते का?

लागत नाही, आणि मधुमेह समजून घेताना हाच मुद्दा बहुधा निसटतो. साताऱ्याचा कंदी पेढा खाल्ल्यावर रक्तात वाढलेले ग्लुकोज स्नायूंच्या आणि चरबीच्या पेशींत पुरेसे शिरायचे, तर इन्सुलिनच्या सांगण्यावरून ग्लुट-४ ही वाहक प्रथिने पेशीच्या पृष्ठभागावर यावी लागतात. इन्सुलिन तयार करणाऱ्या, स्वादुपिंडातील बीटा पेशींचे दार मात्र कायम उघडे असते. तिथे माणसात मुख्यतः ग्लुट-१ आणि उंदरांत ग्लुट-२ हे वाहक असल्याने रक्तातील ग्लुकोजचे प्रमाण पेशीच्या आतही लगेच उमटते.

खरे मोजमाप पुढे होते. ग्लुकोकायनेज हे विकर (एन्झाइम) ग्लुकोजच्या प्रमाणानुसार आपला वेग वाढवते, त्यातून एटीपी हा पेशीला ऊर्जा पुरवणारा रेणू वाढतो, एटीपीमुळे पोटॅशियमच्या वाहिन्या बंद होतात, पेशीपटलावरील विद्युतभार बदलतो, कॅल्शियम आत शिरते आणि इन्सुलिनने भरलेल्या सूक्ष्म पिशव्या रक्ताकडे रिकाम्या होतात. आपल्याकडे मधुमेहासाठी अनेकांना दिली जाणारी ग्लिमेपिराइडची गोळी हीच पोटॅशियमची वाहिनी, ग्लुकोज वाढलेले नसतानाही, बंद करते. म्हणूनच गोळी घेऊन जेवण टाळले, तर साखर धोकादायक पातळीपर्यंत खाली जाऊ शकते. घरातील वडीलधारी मंडळी उपवासाच्या दिवशी ही गोळी घेत असतील, तर कृपया आधी डॉक्टरांना विचारा.

टाइप १ मधुमेहात शरीराची प्रतिकारशक्तीच बीटा पेशी नष्ट करते. टाइप २ मध्ये स्नायू व यकृत इन्सुलिनला दाद देईनासे होतात आणि वाढीव मागणी पुरवता पुरवता बीटा पेशी थकत जातात.