नदीकाठ, लेकरं आणि पहिली टेकडी

प्रश्न : आम्ही वर्धा जिल्ह्यातल्या एका खेड्यात राहतो. मुलगा ९ वर्षांचा, मुलगी ५ वर्षांची. रविवारी दोघांना पवनारला धाम नदीच्या काठी फिरायला न्यायचं मनात आहे. सासूबाईही येते म्हणतात, पण त्यांचे गुडघे दुखतात. किती चालावं? सोबत काय घ्यावं?

उत्तर : ताई, जरूर जा आणि सासूबाईंना घेऊनच जा. विनोबा १९३८ साली जिथे राहायला आले, तो आश्रम नदीच्या उंच काठावरच आहे. आश्रमाच्या जमिनीत खोदताना निघालेली जुनी शिल्पं तिथे ठेवली आहेत, भरत-रामाच्या भेटीचं त्यातलंच. ती पाहून सासूबाई सावलीत बसतील, तोवर तुम्ही मुलांना फिरवून आणा.

किती चालायचं ते किलोमीटरमध्ये ठरवूच नका. ५ वर्षांची पोर दर दहा पावलांवर थांबणार, गोटा उचलणार, तो पाण्यात टाकून बघणार. थांबू द्या. घाई करून ओढत नेलं तर पुढच्या रविवारी ती घरातून निघणारच नाही. तिला पुढे चालू द्या, तिच्यामागे दादा, सर्वांत शेवटी मोठं माणूस. अर्धा तास झाला की मागे फिरा, मुलं कितीही रंगात आली असली तरी. जाताना कोणी थकत नाही, परतताना पाय बोलायला लागतात.

कोजागिरी ते होळी हे आपल्याकडचे चालण्याचे दिवस. सकाळी सातला निघून दहाच्या आत सावलीत या. पावसाळ्यात काळ्या मातीचा काठ निसरडा होतो आणि चपलेखाली शेरभर चिखल चिकटतो, तेव्हा नकोच. शिदोरीत भाकर, शेंगदाण्याचे लाडू, संत्री आणि घरचं पाणी न्या. नदीचं पाणी पिऊ देऊ नका. मुलांना पूर्ण बाह्यांचे कपडे, मोजे आणि बंद जोडे घाला, कारण उंच गवतातल्या बारीक किड्यांच्या चाव्यातून स्क्रब टायफस होतो आणि विदर्भात त्याचे रुग्ण सापडतात. फिरून आठ-दहा दिवसांत ताप आला तर डॉक्टरांना गवतात फिरल्याचं आवर्जून सांगा.

एका गोष्टीत मात्र मी अजिबात सूट देत नाही. पात्रातले काळे खडक शेवाळामुळे निसरडे असतात आणि त्यांना लागूनच डोह असू शकतो. पाय भिजवायचे तर तळ दिसतो तिथेच, मुलाचा हात हातात धरून. वर धरण आहे. पाणी अचानक गढूळ झालं, काड्या-कचरा वाहत यायला लागला, की चपला राहू द्या, लेकरं उचला आणि काठावर या.

प्रश्न : आमचं गाव ब्रह्मपुरी तालुक्यात, वैनगंगेजवळ. उन्हाळ्याच्या तोंडाशी पात्रात लांबच लांब रेती उघडी पडते. सुट्टीत आलेल्या भाचरांना तिथे फिरवावं का?

उत्तर : फिरवा, पण आधी डांगरवाडीवाल्यांना विचारा. पात्रात टरबूज-डांगर लावणाऱ्या माणसाला कुठे रेती पक्की आणि कुठे पाय रुततो हे पाठ असतं. रेतीघाटाच्या बाजूला बिलकुल जाऊ नका. उपसलेल्या खड्ड्यात पाणी भरलं की वरून ते घोटाभर वाटतं आणि आत माणूस बुडतो. गोसेखुर्द धरणातून पाणी सोडण्याची सूचना असेल त्या दिवशी पात्रात उतरू नका. दुसरं म्हणजे तुमच्या भागात वाघ वावराच्या धुऱ्यापर्यंत येतो. त्यामुळे पहाटे आणि दिवेलागणीला नाहीच. चांगलं ऊन पडल्यावर, चार-पाच जण मिळून, बोलत चाला. झुडपी काठ सोडून मोकळ्या रेतीवर राहा. गुराख्यांनी ‘इकडे नको’ म्हटलं तर वाद न घालता परत फिरा. मे महिन्यात रेतीवर टिटवीची अंडी असतात, हुबेहूब गोट्यांच्या रंगाची. टिटवी डोक्यावर ओरडत घिरट्या घालायला लागली की मुलांना तिथल्या तिथे थांबवा आणि आल्या पावली मागे या.

प्रश्न : मी अकोला जिल्ह्यातला शेतकरी, वय ४६. दिवसभर वावरात चालतो, तरी टेकडी चढताना धाप लागते. घरच्यांसोबत नरनाळा किल्ला करायचा आहे. जमेल?

उत्तर : जमेल, दादा. सपाटीवरचं चालणं आणि चढ यांत दम वेगळा लागतो. चढताना छातीत दुखत असेल किंवा चक्कर येत असेल, तर आधी डॉक्टरांना दाखवा, मगच पुढचं. नुसती धाप लागत असेल तर महिनाभर गावाजवळच्या धरणाच्या किंवा तलावाच्या बांधावर चढ-उतार करा. बोलता येईल इतक्याच वेगाने चढा. वाक्य तुटायला लागलं की थांबा. उतरताना गुडघ्यावर जास्त भार येतो, म्हणून हातात काठी ठेवा आणि पावलं लहान टाका. मधे एखाद्या रविवारी रामटेक करून या. अंबाळा तलावाकडून पायऱ्या आहेत, दमलं की बसायला जागा आहे, वर रामाचं देऊळ आहे.

नरनाळा मेळघाटच्या जंगलात येतो. शहानूरला वनविभागाच्या फाटकावर नोंद करावी लागते, तेव्हा वेळा आणि पायी जायची परवानगी निघण्याआधीच विचारून घ्या. वर किल्ल्याचा पसारा मोठा आहे. पहिल्या खेपेला महाकाली दरवाजा आणि शक्कर तलाव एवढं पाहिलं तरी पुष्कळ. डब्यातलं काही माकडांना देऊ नका आणि उतरायला उजेडाचे दोन तास हाताशी ठेवा.